मॉडेल रेल्वेच्या जुन्या व्हॅनसाठी नवी चासी: रुळापासून वर बांधण्याची पद्धत

आपल्या प्रश्नाचा आशय मला असा समजला. आपल्याकडे ब्रिटिश ४ मिमी प्रमाणाच्या, डबल-ओ गेजवर (रुळांमधले अंतर १६.५ मिमी) चालणाऱ्या आठ जुन्या तयार व्हॅन, म्हणजे बंद मालडबे, आहेत. त्यांच्या बॉडी चांगल्या आहेत, परंतु चासी जाड, ओबडधोबड आणि सगळ्या एकाच साच्यातल्या आहेत. त्यांपैकी एका व्हॅनसाठी आपण प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची नवी चासी बांधली, पण ती सपाट टेबलावरही डुलते आणि सांध्यांवरून जाताना हमखास रूळ सोडते. जुन्या चासी दुरुस्त कराव्यात की नव्या बांधाव्यात, दोन आसांमधले अंतर किती ठेवावे आणि स्प्रिंगची व्यवस्था करावीच लागेल का, असे आपण विचारले आहे. गेली अनेक वर्षे मी याच प्रमाणातील मालडब्यांच्या चासी बांधत आलो आहे, आणि माझे उत्तर थोडक्यात असे की आपण चासी बॉडीपासून खाली बांधत गेलात. ती रुळापासून वर बांधायला हवी होती. बॉडीच्या तळाला सोलबार (लांबीच्या बाजूची तुळई), सोलबारला डब्ल्यू आयर्न (आसाचे टोक धरणारा पत्रा), त्यात बेअरिंग आणि शेवटी चाके, या क्रमाने गेल्यास प्रत्येक टप्प्यावरची बारीक चूक पुढच्या टप्प्यात मिळत जाते आणि सगळ्या चुकांची बेरीज अखेर चाकांच्या वाट्याला येते. चाकांना तर चूक मुळीच सोसत नाही. उलट दोन्ही आस आधी जागेवर पक्के केले आणि बाकीचे सगळे त्यांच्याभोवती बांधले, तर शिल्लक राहिलेली चूक बॉडी आणि चासी यांच्या सांध्यात जाते, आणि तिथे ती कागदाच्या एका पट्टीने मिटते.

जुनी चासी दुरुस्त करण्याच्या फंदात आपण पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या तयार मॉडेलांमध्ये उत्पादक एकच चासी अनेक बॉडींखाली वापरत असत, त्यामुळे तिची लांबी, आसांमधले अंतर आणि ब्रेकची रचना ही कोणत्याही एका मूळ डब्याची नसून सगळ्यांची सरासरी असते. आसांमधले अंतर बदलायचे म्हणजे ती चासी मध्यभागी कापून पुन्हा जोडणे आले, आणि जोडलेली चासी सरळ ठेवण्यासाठी जेवढे कष्ट पडतात तेवढ्यात नवी बांधून होते. शिवाय काही चासी अशा गुळगुळीत, मेणचट प्लॅस्टिकच्या असतात की त्यांना कोणतेही विद्रावक (प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा द्रव) धरत नाही. काही जुन्या चासी जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या असतात, आणि ओतताना त्यात शिशासारखी अशुद्धी राहिली असेल तर तो धातू वर्षानुवर्षांनी आतून फुगतो, त्याला भेगा पडतात आणि शेवटी तो हातात भुगा होऊन येतो. अशा चासीवर मेहनत करणे व्यर्थ आहे. तिचे कपलिंग आणि वजनाची पट्टी तेवढी काढून घ्यावी.

आता मापांकडे वळू, कारण आपल्या तीनपैकी दोन प्रश्नांची उत्तरे मापांतच आहेत. आपले प्रमाण एका फुटाला ४ मिमी, म्हणजे १:७६.२ असे आहे. ब्रिटनमध्ये रेल्वे क्लिअरिंग हाउस या रेल्वे कंपन्यांच्या सामाईक संस्थेच्या मानक आराखड्यांमुळे आणि कंपन्यांच्या परस्पर अनुकरणामुळे बंद मालडब्यांची मापे बरीच सारखी झाली. हेडस्टॉकच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या हेडस्टॉकच्या बाहेरच्या कडेपर्यंत १७ फूट ६ इंच हे नेहमीचे माप आहे, म्हणजे मॉडेलवर बरोबर ७० मिमी. हेडस्टॉक म्हणजे ज्या आडव्या तुळईवर बफर बसतात ती, आणि सोलबार म्हणजे लांबीच्या बाजूची तुळई. दोन आसांमधले अंतर ९ फूट किंवा १० फूट, म्हणजे ३६ किंवा ४० मिमी असते. यांपैकी कोणते घ्यावे हे ठरवताना ढोबळ नियम असा की ज्यांना केवळ हातब्रेक होता अशा दोन महायुद्धांमधल्या काळातील व्हॅन बहुधा ९ फुटांच्या असतात, तर व्हॅक्यूम ब्रेक बसवलेल्या, म्हणजे वेगाच्या मालगाड्यांत चालणाऱ्या व्हॅन बहुधा १० फुटांच्या असतात. ब्रिटिश रेल्वेच्या मानक १२ टनी व्हॅन १० फुटांच्याच होत्या. त्या काळातल्या व्हॅनच्या रंगावरूनही बोध होतो: १९४८ नंतरच्या ब्रिटिश रेल्वेच्या पद्धतीत विटकरी-तपकिरी रंग व्हॅक्यूम ब्रेकच्या डब्यांना आणि करडा रंग बिगर-व्हॅक्यूम डब्यांना असे. तेव्हा आपल्या तपकिरी व्हॅनखाली ३६ मिमीची, एकाच बाजूला ब्रेक असलेली चासी दिसली, तर ती रंगाशीच विसंगत ठरते. मात्र हा नियम मूळ कंपन्यांच्या, म्हणजे १९४८ पूर्वीच्या, काळाला लावू नये. उदाहरणार्थ, एलएमएस या रेल्वे कंपनीने १९३६ पासून सर्वच मालडब्यांना तसा तपकिरी रंग दिला होता. शेवटचा आधार नेहमी त्या विशिष्ट डब्याचे छायाचित्र हाच असतो.

उंचीची मापे अधिक महत्त्वाची आहेत, आणि बहुतेक जण नेमके तिथेच चुकतात. मालडब्याचे चाक ३ फूट १ इंच व्यासाचे, म्हणजे १२.३ मिमी, बाजारात ते १२ किंवा १२.६ मिमीचे मिळते. रुळाच्या माथ्यापासून बफरच्या मध्यापर्यंतची उंची रिकाम्या डब्यात साधारण ३ फूट ५ इंच ते ३ फूट ६ इंच, म्हणजे १३.७ ते १४ मिमी असते, मी १३.८ धरतो. आसाचा मध्य रुळापासून सुमारे ६.२ मिमीवर असतो. तेव्हा आसाचा मध्य आणि बफरचा मध्य यांच्यामध्ये उभे अंतर ७.६ मिमी राहिले पाहिजे. या एकाच आकड्यावर संपूर्ण चासी उभी आहे असे समजा. हे अंतर सर्व व्हॅनमध्ये सारखे ठेवले, तर वेगवेगळ्या किटच्या आणि वेगवेगळ्या उत्पादकांच्या व्हॅन एका गाडीत जोडल्यावर त्यांचे बफर एका रेषेत येतात. हे अंतर प्रत्येक व्हॅनमध्ये अर्ध्या मिलिमीटरने इकडे-तिकडे झाले, तर गाडीची रांग दातांच्या वेड्यावाकड्या रांगेसारखी दिसते. मग रंगकाम कितीही उत्तम असो, तिकडे कोणाचे लक्ष जात नाही.

यासाठी एक साचा करावा. मी तो पहिली चासी बांधण्याआधीच करायला सांगतो, आणि बहुतेक लोक तो तिसरी चासी बिघडल्यानंतर करतात. साचा अगदी साधा आहे. जाड काच किंवा सपाट एमडीएफचा तुकडा तळाला घ्यावा. त्यावर दोन उभ्या फळ्या समांतर बसवायच्या, त्यांच्यामधले अंतर चासीच्या रुंदीपेक्षा थोडे जास्त ठेवायचे. या फळ्या बसवण्यापूर्वी एकमेकींवर ठेवून शिकंज्यात घट्ट आवळाव्यात आणि दोन्हींमधून एकदमच २ मिमीची भोके पाडावीत: एक जोडी ३६ मिमी अंतरावर, दुसरी ४० मिमी अंतरावर, दोन्ही जोड्या फळीच्या खालच्या कडेपासून तंतोतंत सारख्या उंचीवर. दोन्ही फळ्यांना भोके एकाच वेळी पाडल्यामुळे आपले मोजमाप दहा शतांश मिलिमीटरने चुकले तरी ते दोन्ही बाजूंना सारखेच चुकते, आणि आस समांतर राहतात. चासीला खरी गरज समांतरतेची असते. दोन आसांमधले अंतर ४० ऐवजी ४०.२ झाले तर ते कोणाला कळणारही नाही, परंतु एका बाजूला ४० आणि दुसऱ्या बाजूला ४०.५ झाले तर बेअरिंगमधल्या २६ मिमी अंतरावर तो आस एका अंशाहून अधिक तिरपा होतो, आणि त्याचे एक चाक कायम रुळाच्या कडेला घासत, वर चढण्याची संधी शोधत राहते. आपली व्हॅन सांध्यावर उतरण्याचे पहिले कारण बहुधा हेच असावे.

साचा तयार झाला की चासीची फरशी कापावी. मी १.५ मिमी जाडीच्या प्लॅस्टिकच्या पत्र्याचा एकच तुकडा घेतो. दोन पातळ थर चिकटवून जाडी करण्याची पद्धत सोपी वाटते, पण मध्ये अडकलेले विद्रावक महिनोन्महिने हळूहळू बाहेर पडते आणि फरशी केळ्यासारखी वाकते. थर द्यावेच लागले तर आतल्या थराला चार-सहा भोके पाडून विद्रावकाच्या वाफेला वाट ठेवावी. फरशीची लांबी बॉडीच्या आत बसेल एवढी ठेवावी, चारही कोपरे गुण्याने तपासावेत आणि दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण सारखे आले नाहीत तर पुढे जाऊ नये. फरशीवर मध्यरेषा आणि आसांच्या रेषा सुईने कोरून घ्याव्यात, पेन्सिलीची रेघ यासाठी फार जाड पडते.

डब्ल्यू आयर्न म्हणजे इंग्रजी डब्ल्यू अक्षराच्या आकाराचा तो पोलादी पत्रा, जो ॲक्सलबॉक्सला, म्हणजे आसाचे टोक ज्यात फिरते त्या पेटीला, दोन्ही बाजूंनी धरून ठेवतो. मॉडेलसाठी ते दोन प्रकारांत मिळतात. पार्कसाइड किंवा केंब्रियन यांच्यासारख्या उत्पादकांच्या प्लॅस्टिक किटमध्ये ते सोलबारला जोडूनच साच्यातून येतात, आणि या उत्पादकांच्या चासीचे सुटे संचही मिळतात. दुसरा प्रकार आम्लाने कोरलेल्या पातळ पितळी पत्र्याचा, ज्यात एका आसाचे दोन्ही डब्ल्यू आयर्न आणि त्यांना जोडणारा तळ असा एकच घडीचा तुकडा असतो. आपल्या आठ व्हॅनपैकी ज्या नेहमीच्या मापांच्या असतील त्यांना प्लॅस्टिकचा संच वापरणे मी शहाणपणाचे मानतो. सगळे हातानेच घडवले पाहिजे हा आग्रह या छंदातला एक निरुपद्रवी अहंकार आहे. परंतु ज्या व्हॅनचे माप कोणत्याच संचाशी जुळत नाही, तिला पितळी घड्या घ्याव्यात.

पितळी तुकडा घडवताना अर्धवट कोरलेली रेघ घडीच्या आतल्या बाजूला येते, हे ध्यानात ठेवावे. काटकोनात घडी झाल्यावर आतल्या कोपऱ्यात सोल्डरचा बारीक ओघळ सोडावा, म्हणजे ती पुन्हा उघडत नाही. मग दोन्ही डब्ल्यू आयर्नच्या भोकांतून २ मिमीची सरळ पोलादी सळई आरपार घालावी. नेहमीच्या टोपीच्या आकाराच्या पितळी बेअरिंगचा बाहेरचा व्यास २ मिमी असतो, त्यामुळे हीच भोके पुढे बेअरिंगसाठी कामी येतात. फरशी साच्याच्या तळावर उलटी ठेवावी, सळया फळ्यांच्या भोकांतून सरकवाव्यात, आणि डब्ल्यू आयर्नचा तळ व फरशी यांच्यामध्ये जेवढी पोकळी राहील तेवढी प्लॅस्टिकच्या पातळ चकत्यांनी भरून मग इपॉक्सीने चिकटवावे. इथे घाईच्या गोंदापेक्षा सावकाश आळणारे इपॉक्सी बरे, कारण सळई आपसूक तिच्या जागी स्थिरावायला वेळ मिळतो. डब्ल्यू आयर्न ओढूनताणून जागेवर आणू नयेत. चकती कमी पडते म्हणून तुकडा दाबून चिकटवला, तर साच्यातून काढताच तो ताण मोकळा होतो आणि चासीला पीळ पडतो.

प्लॅस्टिकच्या संचाला सळईची युक्ती चालत नाही, कारण ॲक्सलबॉक्सची भोके आरपार नसतात. तिथे प्रत्यक्ष चाकांची जोडी वापरावी लागते. एक सोलबार फरशीला काटकोनात चिकटवून पूर्ण वाळू द्यावा. दुसरा सोलबार अगदी थोड्या विद्रावकाने टेकवावा, चाके बसवावीत, चासी काचेवर उभी करावी, वर बोटाने हलका दाब द्यावा आणि चारही चाके काचेला टेकली आहेत याची खात्री झाल्यावरच उरलेले विद्रावक सोडावे. दुसरा सोलबार कोरडा होईपर्यंत चासी काचेवरून हलवू नये. ती रात्रभर तशीच ठेवण्याइतका धीर धरला, तर पुढचे अर्धे त्रास वाचतात.

बेअरिंग बसवण्याबाबत थोडे विस्ताराने लिहितो, कारण चासीचे सुरळीत चालणे याच टप्प्यावर ठरते. टोकदार आसाची लांबी टोकापासून टोकापर्यंत २६ मिमीच्या आसपास असते, आणि आसाचे टोक बेअरिंगच्या शंकूच्या तळाला फक्त स्पर्श करून फिरावे अशी कल्पना असते. बेअरिंग पुरेसे खोल गेले नाही, तर चाके बसवताना डब्ल्यू आयर्न बाहेर फाकतात. फाकलेला डब्ल्यू आयर्न खालून पाहिल्यास लगेच दिसतो, पण बरेच जण पाहतच नाहीत, आणि चाक जड फिरते म्हणून तेल घालत बसतात. बेअरिंग गरजेपेक्षा खोल गेले, तर आस आडवा खेळतो आणि डबा रुळावर सापासारखा वळवळतो. मी आसाला दोन-तीन दशांश मिमी एवढीच आडवी मोकळीक ठेवतो: आस बोटाने सरकवल्यावर हालचाल जाणवावी, पण डोळ्यांना ठळक दिसू नये. प्लॅस्टिकमधले भोक खोल करायचे असल्यास २ मिमीचे ड्रिल हातानेच फिरवावे. यंत्रावर लावले तर ते ॲक्सलबॉक्सच्या दर्शनी भागातून बाहेर निघते, आणि ती जखम लपत नाही. बेअरिंग चिकटवताना गोंद आतल्या शंकूत जाऊ नये म्हणून तो आधी भोकात लावावा, बेअरिंगला लावू नये. चाकांची परस्परांतली आतली दरी डबल-ओसाठी १४.४ ते १४.५ मिमी असावी. ती बसवण्यापूर्वी प्रत्येक जोडीवर मोजावी, कारण नवी कोरी चाकेही या बाबतीत बिनचूक असतातच असे नाही. आपण जुनीच चाके नव्या चासीत घातली असतील आणि त्यांची दरी कमी भरत असेल, तर सांध्यावर उतरण्याचे दुसरे कारण तेच.

आता स्प्रिंगचा प्रश्न. चार चाकांची ताठ चासी म्हणजे चार पायांचे टेबल. जमीन जराशी उंचसखल असली की एक पाय अधांतरी राहतोच. त्यावर उपाय दोन. एका आसाचा डब्ल्यू आयर्नचा संच फरशीला पक्का न चिकटवता मध्यरेषेवरच्या तारेभोवती डावी-उजवीकडे डुलता ठेवला, तर चासी तिपाईप्रमाणे तीन बिंदूंवर उभी राहते आणि चारही चाके रुळाला टेकतात. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक बेअरिंग उभ्या खाचेत खाली-वर सरकते ठेवून त्यावर बारीक पोलादी तारेची स्प्रिंग देणे. गिटारची सर्वांत पातळ तार यासाठी छान चालते. पी-फोर मापात, जिथे गेज १८.८३ मिमी आणि चाकाची फ्लँज (चाकाला रुळावर धरून ठेवणारी आतली कड) अर्ध्या मिलिमीटरहून कमी असते, तिथे यांपैकी एक उपाय जवळपास अनिवार्य आहे. १८.२ मिमीच्या ईएम गेजला तो उपयुक्त आहे. आपल्या १६.५ मिमीच्या डबल-ओला मात्र, ज्याच्या फ्लँज बऱ्याच खोल असतात, एवढ्या आखूड डब्यासाठी तो आवश्यक नाही, फक्त अट अशी की चासी खरोखर सरळ बांधलेली हवी. डुलणाऱ्या चासीचा उपाय म्हणून स्प्रिंग शोधणे म्हणजे दुखणे कायम ठेवून त्यावर पांघरूण घालण्यासारखे आहे. पीळ पडलेल्या चासीत स्प्रिंग चारही चाके टेकवील, पण आस तिरपे आहेत ते तिरपेच राहतील. आपण पहिल्या चार व्हॅन ताठ बांधाव्यात, आणि हात बसल्यावर वाटले तर पाचवीला तिपाईची रचना द्यावी.

चासी पिळली आहे का हे पाहण्यासाठी काचेवर ठेवून चारही चाकांखाली पातळ कागदाची पट्टी आळीपाळीने सरकवून पाहावी. जिथे पट्टी विनाअडथळा सरकते ते चाक अधांतरी आहे. फरक अगदी किरकोळ असल्यास त्या कोपऱ्याच्या बेअरिंगचे भोक कणभर खाली सरकवता येते, पण मी तसे क्वचितच करतो. तो पूर्ण डब्ल्यू आयर्न काढून पुन्हा साच्यात बसवणे शेवटी कमी वेळखाऊ ठरते. आस समांतर आहेत का हे पाहण्यासाठी चासी काचेच्या हलक्या उतारावर सोडावी. सरळ चासी सरळ उतरते. तिरपी चासी दर वेळी एकाच बाजूला वळते, आणि पुढचे टोक मागे करून सोडली की नेमकी विरुद्ध बाजूला वळते.

इथवरचे काम चोख झाले की बाकीचे काम मजेचे आहे, आणि खरे सांगायचे तर त्यासाठीच आपण हा खटाटोप करतो. पितळी घड्यांच्या चासीला सोलबार आता बाहेरून लावावेत. मूळ डब्याचा सोलबार पोलादी असेल, तर तो ९ इंच उंच आणि ३ इंच खोल चॅनल असतो, म्हणजे मॉडेलवर उंची ३ मिमी, आणि त्यासाठी तयार प्लॅस्टिक चॅनल पट्टी वापरता येते. लाकडी सोलबार १२ इंच उंच, म्हणजे ४ मिमीचा सपाट ठोकळा असतो. जुन्या तयार चासींवर हा फरक पाळलेला नसतो, आणि पोलादी चासीच्या व्हॅनखाली जाड लाकडी सोलबार दिसला की ती व्हॅन एकदम खेळण्यातली वाटते. बफरही तसेच पाहून घ्यावेत: बिगर-व्हॅक्यूम डब्यांचे बफर साधारण १ फूट ६ इंच लांब, म्हणजे ६ मिमी, तर व्हॅक्यूम डब्यांचे १ फूट ८½ इंच, म्हणजे ६.८ मिमी. हा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण दोन व्हॅन शेजारी उभ्या केल्या की दिसतो.

ब्रेकच्या रचनेत सर्वाधिक चुका होतात, आणि त्यांचे कारण असे की आपण चासीकडे नेहमी एकाच बाजूने पाहतो. ब्रिटनमध्ये १९११ च्या सुरक्षा नियमांनंतर नव्या डब्यांना दोन्ही बाजूंनी हातब्रेकचा लिव्हर देणे आले, आणि डब्याकडे तोंड करून उभे राहिल्यास लिव्हरची मूठ उजव्या टोकाला असावी अशी पद्धत ठरली. दोन्ही बाजूंना मूठ उजवीकडे, याचा अर्थ वरून पाहिल्यास दोन मुठी कर्णरेषेत समोरासमोरच्या टोकांना येतात. आता मॉर्टन नावाच्या हातब्रेकच्या पद्धतीत दोन्ही लिव्हर एकाच आडव्या दांड्यावर असतात. एका बाजूचा लिव्हर दाबल्यावर दांडा एका दिशेने फिरतो, तर दुसऱ्या बाजूचा लिव्हर दाबल्यावर तो उलट दिशेने फिरू पाहतो. पण ब्रेक लावण्यासाठी दांडा एकाच दिशेने फिरावा लागतो. म्हणून एका बाजूच्या लिव्हरपाशी दिशा उलटवणारा क्लच बसवतात. दोनच ब्रेक-बूट (चाकावर दाबले जाणारे ठोकळे) असलेल्या व्हॅनवर दोन्ही बूट एकाच बाजूला असतात आणि क्लच त्यांच्या विरुद्ध बाजूला असतो. चार बूट असतील, तर दांडा एकच असल्यामुळे ढकलदांड्यांची (आडव्या दांड्यापासून बुटांकडे जाणाऱ्या काड्यांची) मांडणी एका बाजूने जशी दिसते तिचे दुसऱ्या बाजूने आरशातले प्रतिबिंब दिसते. म्हणजे ज्या टोकाकडे जाणारी ढकलदांडी एका बाजूला वरून निघते, त्याच टोकाकडे जाणारी ती दुसऱ्या बाजूलाही वरूनच निघते. दोन्ही बाजूंना सारखाच तुकडा लावला की रचना चुकते. माझ्या सुरुवातीच्या तीन व्हॅन अशाच होत्या, आणि ते मला रंगकाम पूर्ण झाल्यावर कळले. तेव्हापासून मी ब्रेक लावण्यापूर्वी फरशीवरच पेन्सिलीने चारही टोकांवर ‘मूठ’, ‘बूट’, ‘क्लच’ असे लिहून ठेवतो. नंतरच्या काळातल्या बऱ्याच ब्रिटिश रेल्वे व्हॅनना प्रत्येक चाकाला दोन्ही बाजूंनी आवळणारे आठ बूट होते. त्या व्हॅनला चार बुटांचा संच लावू नये.

डबल-ओमध्ये एक अडचण पाचवीलाच पुजलेली आहे. १६.५ मिमी हे ४ मिमी प्रमाणात ४ फूट १½ इंच होतात, खरे गेज तर ४ फूट ८½ इंच. त्यामुळे प्रत्येक चाक त्याच्या खऱ्या जागेपासून सुमारे १.२ मिमी आत असते. बूट खऱ्या जागी लावले तर ते चाकाच्या बाहेर, हवेत लटकतात. चाकाच्या रेषेत आणले तर ते सोलबारपासून आत जातात. बूट चाकाच्या रेषेतच हवेत, असे माझे मत आहे, कारण पाहणाऱ्याची नजर बूट आणि चाक यांच्या नात्याकडे जाते, सोलबारपासूनच्या अंतराकडे नाही. बुटाचा पृष्ठभाग चाकापासून अर्धा मिमी दूर ठेवावा. चाक फिरवून पाहिल्याशिवाय कोणताही बूट पक्का करू नये. आडवा दांडा ०.५ मिमीच्या तारेचा करावा, म्हणजे तो चासीला अंगची मजबुतीही देतो. व्हॅक्यूम डब्याचा १८ इंची सिलिंडर ६ मिमी व्यासाचा होतो; तो जाड प्लॅस्टिक नळीचा करता येतो. हेडस्टॉकवरच्या व्हॅक्यूम नळ्या विसरू नयेत, पण त्या सर्वांत शेवटी लावाव्यात, नाहीतर काम संपेपर्यंत दोनदा तरी तुटतील.

वजनाबाबत माझा आकडा चार चाकांच्या डब्याला एकूण ५० ग्रॅमच्या जवळपास, म्हणजे प्रत्येक आसावर २५ ग्रॅम असा आहे. महत्त्वाचे हे की सगळ्या व्हॅनचे वजन सारखे असावे. हलकी व्हॅन जड गाडीत मधे जोडली तर वळणावर तीच आधी आत ओढली जाते. वजन शक्य तेवढे खाली, दोन्ही आसांच्या मध्ये ठेवावे. शिशाच्या छर्‍यांवर पांढरा लाकूडकामाचा गोंद ओतण्याची चूक मात्र करू नये. त्या गोंदाची शिशाशी हळूहळू रासायनिक क्रिया होऊन मिश्रण फुगते. माझ्या एका व्हॅनच्या बाजू दोन वर्षांनी पोट सुटल्यासारख्या फुगून कोपऱ्यांतून उसवल्या होत्या. छरे इपॉक्सीने बसवावेत, किंवा पोलादी नट वापरावेत. छरे हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत.

बॉडी चासीला चिकटवण्याऐवजी दोन स्क्रूंनी बसवावी असे मी सुचवतो. बॉडीच्या आत दोन्ही टोकांना आडवी पट्टी लावून तिच्यात नट रुतवावा आणि फरशीतून खालून स्क्रू घ्यावा. मग उंची जुळवताना बॉडी आणि फरशीमध्ये ०.२५ मिमीच्या पट्ट्या घालता-काढता येतात. एका व्हॅनला आधी परिपूर्ण करून तिचीच बफर-उंची इतर सातांसाठी प्रमाण मानावी. काचेवर ती आणि नवी व्हॅन बफरला बफर लावून उभ्या केल्या की डोळ्यांनाच फरक कळतो, मोजपट्टी लागत नाही. रंग देताना पितळी भागांना धातूसाठीचा प्रायमर आधी द्यावा आणि बेअरिंगमध्ये मऊ कागदाच्या बारीक गोळ्या कोंबून ठेवाव्यात.

आपली आधी बांधलेली चासी टाकून देण्यापूर्वी तिची काचेवर आणि उतारावर अशा दोन्ही प्रकारे तपासणी करावी. डुलत असेल आणि सरळ धावत असेल, तर एका कोपऱ्याचा डब्ल्यू आयर्न सोडवून पुन्हा बसवल्याने ती वाचेल. डुलतही असेल आणि वळतही असेल, तर तिचे बफर, ॲक्सलबॉक्स आणि बेअरिंग काढून घ्यावेत, आणि नवी फरशी कापायला घ्यावी.